डोळा काळ्याकडे जातो

बायथलॉन म्हणजे स्कीवरून पळायचं आणि मध्ये थांबून रायफलने नेम मारायचा. त्याच्या मास स्टार्टमध्ये तीस जण एकदम सुटतात, कारण रेंजवर लेनही तीसच असतात. पुरुषांना तीन किलोमीटरच्या पाच फेऱ्या आणि मध्ये चार वेळा शूटिंग, आधी दोन प्रोन (आडवं पडून), मग दोन स्टँडिंग (उभं राहून). दर वेळी ५० मीटरवरची पाच टार्गेट आणि पाच गोळ्या. एक चुकली की दीडशे मीटरचा पेनल्टी लूप, म्हणजे शिक्षेची जादा फेरी. पहिल्या शूटिंगला आपल्या बिब नंबरची (छातीवरच्या नंबरची) लेन घ्यायची, पुढच्या तिन्ही वेळा जो ज्या क्रमाने आला त्या क्रमाची.

नाशिकला बर्फ नाही. पण पळणारी पोरं आहेत आणि नेमबाजीही आहे, म्हणून जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही पुरुष गटाची दहा जणांची मास स्टार्ट पळून घेतली. १० मीटरची एअर रायफल रेंज आणि बाहेर सहाशे मीटरच्या पाच फेऱ्या. रायफल पाठीवर घेऊन पळायचं नाही, हा पहिला नियम. ती रेंजमधल्या रॅकवर बोल्ट उघडा ठेवून उभी. पेनल्टी लूप ७५ मीटरचा ठेवला, कारण स्कीवर दीडशे मीटरला वीस-पंचवीस सेकंद जातात आणि दमलेल्या पायांना ७५ मीटरलाही साधारण तेवढेच लागतात.

खरी मेहनत टार्गेटवर झाली. कागदी टार्गेट पळून आलेल्याला काहीच सांगत नाही. गोळी लागल्यावर काळं पडून पांढरं दिसलं तरच त्याला आपण कुठे आहोत ते कळतं. अंबडच्या एका वर्कशॉपमधून लोखंडी प्लेट कापून आणल्या. प्रोनला ४५ मिलिमीटर आणि स्टँडिंगला ११५ मिलिमीटर, हे पाचाने भागलं तर ९ आणि २३ येतात. पण ९ च्या भोकात साडेचार मिलिमीटरचा पेलेट (एअर रायफलची शिशाची गोळी) कडेला न घासता जायचा तर मध्यापासून जेमतेम सव्वादोन मिलिमीटर सरकायची मुभा उरते, बायथलॉनच्या तुलनेत फारच कमी. पेलेटची जाडी धरून हिशेब केला आणि भोकं १२ आणि २६ ची केली. भोकांमागची, गोळी लागली की पडणारी पाती आधी जाड होती. पेलेट चपटा होऊन खाली पडायचा, पात हलायचीच नाही. पातळ पत्र्याची केली आणि किंचित खाली झुकवली, म्हणजे शिशाचे कण वर उडत नाहीत. तरीही चष्म्याशिवाय कुणाला लाइनवर सोडलं नाही. बिजागरीत शिसं साचून पात अडकते, म्हणून दर राउंडनंतर ब्रश मारावा लागतो.

पहिल्या प्रोनला दहाही जण जवळजवळ एकत्र आले. हृदयाचे ठोके मिनिटाला एकशे सत्तरच्या पुढे. क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम सरांच्या नाशिकमध्ये नेमबाजाला श्वासाचं महत्त्व सांगावं लागत नाही, पण शांत बसून शिकलेला श्वास इथे तसाच चालत नाही. शेवटचे पन्नास मीटर मुद्दाम हळू यावं लागतं, मॅटवर दोन खोल श्वास, मग प्रत्येक गोळी श्वास सोडल्यावरच्या छोट्या थांब्यात. ज्यांनी हे केलं त्यांचे पाचही काळे पांढरे झाले. जे धावत येऊन आडवे झाले त्यांची बोटं इतकी थरथरत होती की एकाने पेलेट उलटा भरला, शेपटाकडून. तो कुठे गेला कुणास ठाऊक.

चौथ्या शूटिंगला सहा नंबरचा मुलगा सर्वांत आधी आला आणि लेन एकवर उभा राहिला. पहिल्या दोन गोळ्या बरोबर. तिसरा पेलेट भरायला मान खाली घातली, पुन्हा गाल टेकवला आणि दोन नंबर लेनचं काळं पाडलं. लेन दोनवर अजून कुणी पोचलंच नव्हतं.

असं का झालं, ते मला उभ्या जागी दिसलं. त्याच्या प्लेटवर दोन पांढरी झाली होती, शेजारच्या प्लेटवर पाचही काळी भरलेली. डायॉप्टरमधून, म्हणजे नेम धरायच्या मागच्या बारीक भोकातून, दिसतं ते एवढंसं वर्तुळ, त्यात डोळा भरल्या काळ्याकडेच ओढला जातो. बायथलॉनच्या रायफलीत मॅगझिनमध्ये पाच गोळ्या असतात आणि बोल्ट सरळ मागेपुढे होतो, त्यामुळे गाल स्टॉकवरून हलत नाही. आमच्याकडे दर गोळीला पेलेट भरायचा, म्हणजे दर गोळीला नेम नव्याने शोधायचा. लेन चुकायची संधी पाच वेळा. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अमेरिकी रायफल नेमबाज मॅट एमन्स शेवटच्या गोळीला पहिला होता. लेन दोनवरून त्याने तीनच्या टार्गेटवर गोळी मारली, शून्य मिळालं आणि तो आठवा आला. तिथे तर धावून येण्याचा दमही नव्हता.

मी "एक, थांब!" असं ओरडलो. दोनची प्लेट दोरीने ओढून परत काळी केली, कारण मागून येणाऱ्याला पाचही टार्गेट पूर्ण मिळायलाच हवीत. सहाची ती गोळी चुकलेली धरली. उरलेल्या दोन त्याने अगदी स्वच्छ मारल्या आणि लूपला गेला. तो लूपमध्ये असतानाच लेन दोनवरचा पाच पांढरी करून बाहेर पडला. शेवटची फेरी सहाने जीव तोडून पळली, तरी तो दुसराच आला.

त्याच दुपारी प्रत्येक प्लेटवर लेनचा नंबर वीतभर मोठा रंगवला आणि खांब एकाआड एक पिवळे केले. पेलेट भरला की आधी नंबर वाचायचा, मग काळं शोधायचं. पुढच्या रविवारी त्या मुलाने वीसही गोळ्यांना ओठ हलवून नंबर म्हटला.