तुम्ही विचारलंत म्हणून: वेगानं वय थांबतं का?

“सर, प्रकाशाच्या वेगानं पळालं की वय थांबतंय म्हणे?”

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर मी फिजिक्स शिकवतो हे फुटल्यापासून आठवड्यातनं एकदा तरी हा प्रश्न येतोच. जयंत नारळीकरांचा जन्म इथलाच, १९३८चा. असले प्रश्न गावच्या पाण्यातच असावेत.

वस्तुमान असलेलं काहीच त्या वेगाला पोचत नाही. पण अगदी जवळ जाणारे आहेत, आणि तळहात आडवा धरलात तर सेकंदाला साधारण एक आरपार जातो. म्युऑन नावाचे कण. अवकाशातनं आलेले किरण हवेवर आदळतात आणि सुमारे १५ किलोमीटर वर हे जन्मतात. सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद (एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग). सरासरी म्हणतो, कारण ग्लासात म्हशीची धार पडल्यावर फेस येतो ना, त्याचे बुडबुडे जसे एक आत्ता, एक मग फुटतात, तसेच हेही संपतात.

आता २.२ मायक्रोसेकंदात प्रकाशसुद्धा ६६० मीटरच जातो. पन्हाळ्यावरनं कोल्हापूरच्या पातळीला उतरायला पुरे (उंचीनं हं, रस्त्यानं नव्हे). १५ किलोमीटरला नाही. त्या हिशेबानं अब्जात एकही खाली येऊ नये, पण येतात भरपूर!

समजा म्युऑनचा वेग प्रकाशाच्या ९९.८७५ टक्के आहे. मग आपल्या मानानं त्याचं घड्याळ २० पट हळू चालतं. आपले ५० मायक्रोसेकंद म्हणजे त्याचे अडीच, त्यामुळं साधारण तिनातला एक तगतो. आइनस्टाइननं १९०५ साली मांडलेलं हे गणित १९४१ मध्ये रॉसी आणि हॉल या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या डोंगरात म्युऑन मोजून पडताळलं.

खरी गोम पुढं आहे. म्युऑनच्या बाजूनं बघा, त्याचं घड्याळ नेहमीसारखंच चालतंय. त्याला १५ किलोमीटरची हवाच ७५० मीटरची झालेली असते. जादा आयुष्य त्याला मिळालेलंच नाही.

हे एका पैलवानाला सांगितलं, तर तो हिरमुसला. मग म्हटलं, प्रकाशाच्या ८६.६ टक्के वेगानं जाऊन या, तुमची १० वर्षं होतील, घरच्यांची २०.

“म्हणजे थोरला जाऊन आला तर धाकट्याहून ल्हान?”

“दोघांच्या वयातलं अंतर दहाच्या आत असेल तर, होय.”

त्यानं मिशीवरचा फेस पुसला. “मग दादा कुणी कुणाला म्हणायचं, सर?”