आमची वाटचाल : डोंगल आत्ता कुणाच्या हातात आहे?

बेळगावात खडेबाजारच्या एका बोळात दुकान टाकलं तेव्हा काम म्हणजे फॉरमॅट मारणे, कार्ट्रिज भरणे, पेन ड्राइव्हमधला व्हायरस काढणे. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा कॉम्प्युटर, हा शब्द ऐकून होतो, पण त्यात आपलं पोट भरेल असं काय वाटलं नव्हतं.

एप्रिल २०१४ मध्ये विंडोज एक्सपीचा सपोर्ट बंद झाला आणि उद्यमबागेतनं फोन यायला लागले. एका वर्कशॉपचं डिझाइनचं सॉफ्टवेअर जुनं, एक्सपीवरच चालणार, वर त्याला यूएसबी डोंगल (पेन ड्राइव्हसारखी लायसन्सची चावी, ती लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) पाहिजे, आणि नवीन घ्यायला मालक काय तयार नाहीत. मग नव्या पीसीवर व्हर्च्युअलबॉक्स हे व्हर्च्युअल मशीन बनवायचं सॉफ्टवेअर टाकून त्याच्या आत एक्सपी बसवला. सॉफ्टवेअर उघडलं तर म्हणतंय डोंगल लावा. अहो लावलाय की! दोन दिवस नुसता ड्रायव्हर काढतोय आणि घालतोय. शेवटी लक्षात आलं, डोंगल बाहेरच्या विंडोजनेच धरून ठेवलाय, आतल्या एक्सपीपर्यंत तो पोचतच नाही. यूएसबी फिल्टर, म्हणजे हा डोंगल आतल्या मशीनला द्या अशी सेटिंग, लावला, डोंगल उपसून परत घातला, चालू. तेव्हापासून आमच्या पोरांना पहिला प्रश्न हाच विचारायला शिकवलंय, डोंगल आत्ता कुणाच्या हातात आहे, कारण तो एका वेळी एकाच मशीनचा असतो.

खरी परीक्षा २०२० च्या लॉकडाउनमध्ये झाली. टिळकवाडीतलं एक सीए ऑफिस, सर्व्हर ऑफिसात, स्टाफ घरी, सगळे रिमोट डेस्कटॉपवरून (लांबचा कॉम्प्युटर नेटवरून वापरायची विंडोजची सोय) व्हर्च्युअल मशीनमध्ये येणार, आणि डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं, यूएसबी टोकन सर्व्हरला लावलेलं. सर्व्हरसमोर बसून बघितलं तर टोकन दिसतंय, घरून बघितलं तर गायब. टोकन बदललं, पोर्ट बदलला, एक रात्र अशीच गेली. गंमत अशी की हे टोकन विंडोजच्या लेखी स्मार्ट कार्ड असतं, आणि रिमोट डेस्कटॉपवर असताना विंडोज स्मार्ट कार्ड शोधतं ते तुमच्या समोरच्या कॉम्प्युटरला, लांबच्या मशीनला नाही. म्हणजे एकतर टोकन घरच्या लॅपटॉपला लावून रिमोट डेस्कटॉपच्या लोकल रिसोर्सेसमध्ये स्मार्ट कार्डवर टिक करा, टोकनचं सॉफ्टवेअर मात्र आतल्या मशीनमध्येपण पाहिजे, नाहीतर व्हीएनसीसारख्या टूलने थेट त्या मशीनची स्क्रीन बघा. आम्ही टोकनच घरी पाठवली. (दुसऱ्याचं डीएससी आपण वापरू नये हे सगळ्यांना माहिती असतं, तरी प्रत्येक ऑफिसात टोकनांचा एक डबा असतोच, असो.)

त्या डब्यानेच पुढचं काम दिलं. एकाच कंपनीची दोन टोकनं असली की दोघांचा व्हेंडर आयडी आणि प्रॉडक्ट आयडी (कंपनीचा आणि मॉडेलचा नंबर) सेम, मशीनला फरक कळणार कसा? प्रॉक्समॉक्सवर (सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन चालवायची सिस्टीम) आम्ही मग आयडीऐवजी पोर्टनुसार वाटणी केली, पोर्टवर मार्करने नंबर टाकले, आणि पुढच्याच आठवड्यात झाडलोट करताना मावशींनी दोन्ही काढून, पुसून, उलटी लावली.

शिनोळीला कारखाना आणि व्हर्च्युअल मशीन बेळगावात अशीपण गिऱ्हाइकं आहेत. यूएसबी नेटवर्कवरून पाठवता येतो, टोकनाला डेटा थोडा लागतो म्हणून ते जमतं, पण स्कॅनर आणि कॅमेरा लांबनं पाठवायचा हट्ट करू नका, स्कॅन फोल्डरमध्ये टाका आणि फोल्डर शेअर करा. आणि यूएसबी-आयपीचा, म्हणजे यूएसबी नेटवर्कवरून पाठवायच्या सोयीचा, ३२४० हा नेटवर्क पोर्ट इंटरनेटला उघडा टाकणारे लोक बघितलेत मी, त्याच्यात एन्क्रिप्शन नसतं, व्हीपीएनमधनंच (खासगी, एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीतनं) न्या.

आता आम्ही चौघं आहोत. मागच्या महिन्यात निपाणीहून फोन, करंट जाऊन आला आणि टोकन दिसेना. फिल्टर, ड्रायव्हर, सर्व्हिस, सगळं इथनं बघून झालं, मग गाडी काढली. तिथं जाऊन बघतो तर पोर्ट रिकामा, टोकन मालकांच्या खिशात आणि मालक कोल्हापूरला लग्नाला. व्हिजिट चार्ज लावलाय, अजून आलेला नाही.