पंखा बंद केला तेव्हा ड्रम ऐकू आला

गेला आठवडाभर लोकलमध्ये एकच पीस ऐकतोय. ग्यॉर्ग कुर्ताग हा हंगेरियन कंपोझर, आणि त्याचं 'ओमाज आ आर. श.', म्हणजे रॉबर्ट शुमान या जुन्या जर्मन कंपोझरला केलेला नमस्कार. १९९० मध्ये पूर्ण झालेलं काम, क्लॅरिनेट, व्हायोला (व्हायोलिनचा थोडा मोठा, खर्जातला भाऊ) आणि पियानो, बस तीनच वादक. भाग सहा, पण सगळं मिळून जेमतेम दहा मिनिटं. दादरला लावलं की कुर्ला यायच्या आत पाच भाग आटोपलेले असतात.

खरं सांगायचं तर आधी वैतागलो होतो. आपल्याला सवय काय, नुसता षड्ज नीट लागायलाच पाच मिनिटं, आणि इथे क्लॅरिनेट दोन गिरक्या घेतं, व्हायोला काहीतरी पुटपुटतो आणि संपलं, अरे थांब की जरा!

मग थोडं वाचलं. कुर्ताग १९२६ चा, जन्म रोमानियातल्या लुगोज गावचा. हंगेरीतला १९५६ चा सोव्हिएतविरोधी उठाव चिरडला गेल्यानंतर १९५७ मध्ये पॅरिसला गेला तेव्हा गडी पार खचलेला होता, हातून काही लिहूनच होईना. तिथे मारियान स्टाईन नावाच्या सायकॉलॉजिस्टबाई भेटल्या आणि त्यांनी सांगितलं की बाबा, बाकी सगळं राहू दे, आधी फक्त दोन सूर एकमेकांना जोडून बघ. बुडापेस्टला परत येऊन त्याने स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो) लिहिलं, त्याला ओपस १, म्हणजे रचना क्रमांक एक, असा नंबर दिला आणि ते बाईंनाच अर्पण केलं. आधीही बरंच लिहिलं होतं की त्याने, पण मोजायला सुरुवात इथून, वय तेहेतीस. हे कळल्यावर ते छोटे तुकडे मला वेगळेच ऐकू यायला लागले, म्हणजे घाईघाईत उरकलेले नाहीत तर जेवढं खरोखर जुळलं तेवढंच ठेवलेलं.

आणि सहावा भाग! नाव 'निरोप', आणि हा एकटाच आधीच्या पाचांपेक्षा मोठा. पियानो जड पावलांनी चालत राहतो, कुणाच्या तरी मागून सगळे गप्प चाललेत तसा, आवाज चढत जातो, मग हळूहळू सगळं विरून जातं. मला वाटायचं संपलं, मी लगेच पुढचं काहीतरी लावायचो.

काल रात्री घरी हेडफोन लावून ऐकत होतो, उगाच पंखा बंद केला. सगळं शांत झाल्यावर, अगदी शेवटी, एक हलकासा 'धप्प'. दचकलोच. मागे जाऊन परत ऐकलं, आहे! नंतर समजलं की तो बास ड्रम आहे आणि तो वाजवतो क्लॅरिनेटवालाच. पूर्ण पीसभर तो ड्रम बाजूला नुसता उभा, कशासाठी, तर एका ठोक्यासाठी, आणि तोही इतका हळू की आमच्या लोकलच्या खडखडाटात आठवडाभर पत्ताच नाही.

या माणसाला हळू आवाजाचं वेडच दिसतंय. बायको मार्ता आणि तो शेजारी शेजारी बसून साध्या अपराइट पियानोवर कॉन्सर्ट करायचे, आवाज दबवणारं पेडल लावून. जुना जर्मन कंपोझर बाख, त्याच्या रचना वाजवतानाचे त्यांचे व्हिडिओ बघाच, एकाचा हात दुसऱ्याच्या हातावरून जातो आणि कुणाची बोटं कुठली कळत नाही. मार्ता २०१९ मध्ये गेली.

तर काल तो ठोका चार वेळा ऐकला. पाचव्यांदा लावणार तेवढ्यात आई दारात, एवढ्या उकाड्यात पंखा का रे बंद केलास?