तुम्ही विचारलंत म्हणून: जमिनीखालची आग वरून दिसते का?

परळीकडची माणसं भेटली की हा प्रश्न ठरलेला असतो. ताई, तुम्ही झरियाच्या कोळशाच्या आगी सॅटेलाइटवरून बघता म्हणे, पण जमिनीच्या पोटातलं वरून दिसतंय कसं ओ? तर आधीच सांगते, आग दिसत नाही. वरच्या मातीचा, दगडाचा ताप दिसतो, आणि त्यावरून खाली काय चाललंय याचा अंदाज बांधावा लागतो.

कोळसा आपोआप पेटतो हे परळीच्या थर्मल वीज केंद्राच्या कोळसा यार्डात काम केलेल्यांना सांगायची गरज नाही. ओला कडबा रचला की गंजी जशी आतून तापते तसंच ते, हवेतला ऑक्सिजन कोळशाला लागतो, थोडी थोडी उष्णता तयार होते आणि ती बाहेर पडायला जागा नसली की वाढत जाते. झरियात, म्हणजे झारखंडच्या धनबाद जिल्ह्यात, पहिली आग १९१६ ला नोंदवली गेली आणि आज शंभर वर्षं उलटून गेली तरी तिथं जमीन जळतेच आहे. जुन्या खाणी अर्धवट खोदून तशाच सोडलेल्या, त्यांच्या बोगद्यांत हवा शिरते, जमीन खचली की नव्या भेगा पडतात आणि त्यातून अजून हवा आत जाते.

आता मजा बघा, खडकातून उष्णता इतकी हळू सरकते की २० मीटर खालची आग नुसती झिरपत वर यायची म्हटलं तर हिशोबाने दहा-बारा वर्षं लागतात. मग आपल्याला सापडतं काय, तर भेगा! भेगांतून गरम वायू आणि वाफ वर येते, त्या भेगेच्या काठची माती तापते आणि तेवढंच सॅटेलाइटला कळतं. म्हणजे खोल आणि बंदिस्त आग असेल तर इमेज एकदम साफ दिसू शकते, आणि इमेज साफ आहे म्हणून खाली आग नाही असं म्हणणं मला धोक्याचं वाटतं, कारण वर घरं आहेत आणि घरात माणसं आहेत.

लँडसॅट ८ आणि ९ या अमेरिकेच्या सॅटेलाइटचा थर्मल सेन्सर, म्हणजे जमिनीचा ताप मोजणारं यंत्र, १०० मीटरचा आहे, म्हणजे इमेजचा एक ठिपका (पिक्सेल) जमिनीवरच्या १०० बाय १०० मीटरचा. फाइल ३० मीटरची करून मिळते त्यामुळे नवीन पोरं फसतात, त्यांना वाटतं तेवढं बारीक दिसतंय. समजा एका पिक्सेलमधे २ मीटर रुंद, २० मीटर लांब भेग आहे आणि ती २०० डिग्रीला तापलीय. पिक्सेलचं क्षेत्रफळ १०,००० चौरस मीटर, भेग ४० चौरस मीटर. सगळं मिसळून पिक्सेलचं तापमान वाढतं जेमतेम एक-सव्वा डिग्री. २०० डिग्रीची भेग, आणि हाताला लागतं एवढंच!

आणि एक-सव्वा डिग्री दिवसा ओळखायची कशी? लँडसॅट आपल्यावरून सकाळी साडेदहाच्या आसपास जातो. आपल्याकडचंच घ्या, एप्रिलमधे नांगरलेलं काळं रान आणि शेजारचा पाणी दिलेला उसाचा फड यांच्यात दहा-बारा डिग्रीचा फरक सहज येतो, खाली काही जळत नसताना. झरियात तर काळा कोळसा आणि खाणीतला टाकाऊ दगड उघड्यावर पडलेला, तो उन्हात असा तापतो की सगळीकडे आगच आग वाटते. म्हणून माझा भरवसा रात्रीच्या इमेजवर, तीही हिवाळ्यातली. उन्हाने तापलेलं बरंचसं रात्री निवतं, आगीवरची जमीन निवत नाही. ॲस्टर या दुसऱ्या सॅटेलाइट सेन्सरच्या ९० मीटरच्या रात्रीच्या इमेज यासाठी फार कामाला आल्या.

एका इमेजवर मी कधीच बोट ठेवत नाही. तीच जागा, तोच ऋतू, दोन-तीन वर्षं ओळीने बघायची, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ती जागा दरवेळी गरम निघाली तरच ती यादीत घ्यायची, नाहीतर वीटभट्टी नाहीतर पेटवलेलं पाचटसुद्धा आग म्हणून नकाशावर येतं. जमीन खचतेय का ते रडारच्या सॅटेलाइटवरून वेगळं बघतात. आणि शेवटी कुणीतरी थर्मामीटर घेऊन तिथं जावंच लागतं.

झरियाचा मास्टर प्लॅन २००९ ला मंजूर झाला, आग विझवायची आणि लोकांना दुसरीकडे वसवायचं म्हणून. अजूनही लोक त्या जमिनीवर राहतात. गरम पट्टा वस्तीकडे सरकतोय का आणि कुठल्या बाजूने, एवढं वेळेत कळलं तरी कुणाला आधी हलवायचं ते ठरवता येतं, आणि मी हे काम धरून बसलेय ते त्याच्यासाठीच.

शिकायचं असेल तर लँडसॅटचा डेटा २००८ पासून फुकट आहे, क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर पण फुकट. मराठवाड्याखाली काळा बेसाल्ट, इथं कोळसा नाही, तेव्हा वणी-चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्याचा जानेवारीचा सीन (लँडसॅटची एक इमेज) घ्या, त्यातला थर्मलचा बँड १० उघडा, आणि गरम दिसणाऱ्या जागांतली उन्हाने तापलेली कुठली ते आधी वेगळी काढायला शिका. अडलं तर विचारा, मी आहे.