जपानी आपल्या लोकांशी चांगलेच वागले ना?

सिंगापूर बघायला आलेल्या मराठी पाहुण्यांना पाडांगच्या मैदानावर नेलं की हा प्रश्न येतोच. जपान्यांनी शहर घेतलं खरं, पण नेताजी इथे होते, म्हणजे भारतीयांचं तरी बरं चाललं असेल ना? तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते. कोणत्या भारतीयाबद्दल विचारताय, त्यावर उत्तर बदलतं.

८ फेब्रुवारी १९४२च्या रात्री जपानी सैन्य जोहोरची सामुद्रधुनी ओलांडून बेटाच्या वायव्येला उतरलं. आठवड्याच्या आत जलाशय गेले आणि १५ तारखेला ब्रिटिश सेनापती जनरल पर्सिव्हलने फोर्डच्या कारखान्यात शरणागतीवर सही केली. दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर सुमारे ४५,००० हिंदी सैनिक गोळा केले गेले. गोऱ्या सैनिकांची रवानगी बेटाच्या पूर्वेला, चांगीच्या युद्धकैदी छावणीत झाली होती. एका ब्रिटिश अधिकाऱ्याने या सगळ्यांना जपान्यांच्या स्वाधीन केलं, मग जपानी गुप्तवार्ता अधिकारी मेजर फुजिवारा आणि आझाद हिंद सेना उभारणारे कॅप्टन मोहन सिंग बोलले. ज्या सरकारसाठी मलायाभर लढत मागे आलो, तेच आपल्याला असं दुसऱ्याच्या हाती देऊन मोकळं झालं, हे ज्यांनी उभं राहून ऐकलं, त्यांच्या पुढच्या निर्णयांना घरात बसून नावं ठेवणं मला पटत नाही.

हजारो जण आझाद हिंद सेनेत गेले. आपल्या सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले पुढे नेताजींच्या हाताखाली तिचे चीफ ऑफ स्टाफ झाले. त्यांचा अभिमान मलाही आहे. पण ज्यांनी नकार दिला, त्यांच्यातल्या हजारोंना न्यू गिनी, न्यू ब्रिटनकडे मजुरीला पाठवलं. उपासमार, आजार आणि मार यांनी त्यातले कितीतरी तिथेच गेले. तेही भारतीयच होते. त्यांची आठवण आपल्याकडे कोण काढतं?

आणि मलायातले तमिळ मजूर! रबरमळ्यांवरून त्यांना सयाम (आजचं थायलंड)-ब्रह्मदेश रेल्वेच्या कामावर नेलं. हजारो परतले नाहीत. अशाच मळ्यांवरच्या मुली १९४३ मध्ये झाशीच्या राणीच्या नावाच्या पलटणीत भरती झाल्या. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी गाळली, तर त्या मजुरांवर अन्याय होतो.

शहरात तांदूळ मिळेनासा झाला. लोक अंगणात टॅपिओका लावून तोच खाऊ लागले (ज्यापासून आपला साबुदाणा होतो, तोच कंद). पण सगळ्यात जास्त सोसलं ते चिनी शेजाऱ्यांनी. शरणागतीनंतर काही दिवसांतच चिनी पुरुषांना चौकशीसाठी बोलावलं, आणि त्यातल्या अनेकांना ट्रकमधून चांगी, पुंगोलच्या किनाऱ्यांवर नेऊन मारलं. या ‘सूक चिंग’मधले सुमारे ५,००० बळी जपानने कबूल केले, इथला चिनी समाज त्याच्या कितीतरी पट सांगतो. शेजारच्या घरातला बाप परत येत नसताना आपलं बरं चाललं होतं म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

एस्प्लनेडवर आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची खूण आहे. मूळ स्मारक इंग्रजांनी परत येताच पाडलं. तिथून चालत काही मिनिटांवर, बीच रोडला, १९६७ मध्ये उभारलेलं नागरिकांचं युद्धस्मारक आहे. त्याचे चार उंच खांब चिनी, मलाय, भारतीय आणि इतर समाजांचे. बहुतेक पाहुणे पहिल्या ठिकाणी फोटो काढून मरीना बेकडे वळतात. तुम्ही आलात की आपण दोन्हीकडे जाऊ, वेळ काढूनच या.