पाणी आलं तेव्हा

मावशींनी काल पाणी सोडून दिलं, माझ्यासाठी. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

तसं पाहिलं तर काहीच घडलं नाही. मुंबईत डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत मावशी राहतात, तिथे पाण्याची वेळ ठरलेली असते आणि मी ती टाळूनच जाते. काल ते वेळेआधी आलं. पॅसेजमध्ये कुणीतरी ओरडलं, ‘पाणी आलं गंऽ’, आणि पाठोपाठ दारं, बादल्या, पाइप ओढल्याचे आवाज. मावशी अर्ध्या उठल्या, माझ्याकडे बघितलं आणि परत बसल्या. ‘विचार तू काय विचारायचं ते. पाणी काय, रोजचंच आहे.’

मी काय विचारणार होते, तेच विसरले. मोरीतल्या पिंपावर क्रोशाचा रुमाल होता. मी जाते तेव्हा तो असतोच. पलंगावर घडीची चादर, स्टोव्ह पलंगाखाली ढकललेला, आणि खालच्या दुकानातून आणलेलं थंड. सोळा बाय दहाच्या खोलीत माझ्यासाठी एक खुर्ची मोकळी करायची, तर बाकी सगळं कुठे जात असेल? नातू पॅसेजमध्ये अभ्यासाला बसतो, एवढं मला ठाऊक आहे.

मला त्यांचं रोजचं बघायचंय आणि मी पोचले की तेच थांबतं. रात्री अंथरुणात हेच घोळत राहिलं. इतके महिने जाते, सरांना प्रबंधाचं प्रकरण दाखवते, सर मान हलवतात, पण माझ्या वहीत जमलंय ते सगळं पाहुणीला दाखवलेलं घर. खरं सांगायचं तर रडू आलं. आईला फोन करणार होते, नाही केला.

मोठ्या गोष्टी मावशी भरभरून सांगतात. 18 जानेवारी 1982 ला कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांच्या सभांना माणूस माणसाला चिकटून उभा असायचा. सासूबाईंची खानावळ होती, म्हणून अन्नपूर्णा महिला मंडळाबद्दलही सांगतात: 1975 साली प्रेमाताई पुरवांनी खानावळवाल्या बायकांना एकत्र आणलं, बँकेचं कर्ज मिळायला लागलं, सावकार सुटला. हे सगळं मोलाचं आहे, मला हवंच आहे. पण तीन पाळ्यांच्या माणसांना जेवू घालणाऱ्या त्या खोलीत पोरं कधी झोपायची? रातपाळीवाला सकाळी जेवायला यायचा, तेव्हा सासूबाईंची स्वतःची अंघोळ कधी उरकायची? हे विचारलं की मावशी म्हणतात, ‘व्हायचं गं सगळं.’

1921-22 मध्ये सरकारच्या लेबर ऑफिसने मुंबईतल्या कामगार कुटुंबांच्या घरखर्चाची पाहणी केली होती, अहवाल 1923 चा. शंभरातली 97 कुटुंबं एका खोलीत, 47 कर्जात. कामगाराच्या पोटात जाणारं धान्य तुरुंगातल्या कैद्याला नेमून दिलेल्या धान्यापेक्षा कमी, हेही त्यातच निघालं. हा आकडा मी कितीदा वाचलाय, आणि प्रत्येक वेळी पोटात कालवतं. काल मात्र तो वाचताना वेगळंच मनात आलं. तेव्हाही कुणीतरी दारात उभं राहून विचारलंच असेल, महिन्याला तांदूळ किती, तेल किती, तंबाखू किती. आतल्या बाईने काय सांगितलं असेल? परक्या माणसासमोर घराची लाज राखायला दोन शेर वाढवून सांगितले असतील, तर खरं पोट त्या आकड्याहूनही रिकामं होतं.

मावशी पाण्यासाठी उठल्या नाहीत, ते यातूनच आलं असणार. काय दाखवायचं, काय झाकायचं हे त्या घराने ठरवायचं. माझं प्रकरण अर्धवट राहिलं तर राहिलं.

आणि पाणी वाया गेलं नाहीच. मी गप्प बसले होते तेवढ्यात समोरच्या खोलीतली सून आत आली. दार वाजवलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. रुमाल उचलला, घडी करून घडवंचीवर ठेवला आणि पाइप पिंपात सोडला. धार पडली तो आवाज एवढा पोकळ होता की पिंप पार तळाला गेलं होतं हे मला बसल्या जागी कळलं. मावशी तिला काही बोलल्या नाहीत, आभार तर नाहीच. माझ्याशी संपाचं बोलणं चालूच होतं, फक्त धारेचा आवाज बारीक व्हायला लागला तसा त्यांनी बोलता बोलता हात वर केला. सुनेने पाइप काढला आणि गेली.

हे आज सकाळी उठल्यावर आठवलं. रात्री नुसता स्वतःचाच विचार चालला होता.

बत्तीस चाळी होत्या तिथे, आता टॉवर चढतायत. मावशींना पाचशे चौरस फुटांचं घर मिळणार, संडास घरात असणार. गुडघे धरून रात्री पॅसेजच्या टोकापर्यंत जाणं संपणार, याचा त्यांना आनंद आहे आणि मलाही. चाळ पडते म्हणून गळा काढणाऱ्यांनी त्या संडासाच्या रांगेत एकदा उभं राहावं. एवढंच की तिथे पिंप लागणार नाही, आणि समोरच्या सुनेचा मजला कुठला येईल ते चिठ्ठीवर ठरायचंय.

सुनेचं नाव मला अजून माहीत नाही. गुरुवारी मावशींकडे बसायच्या आधी तिच्याकडे जाते, पाणी भरून झाल्यावर.