‘मग शब्द बदलू नका ना, सर’ : विडंबनगीत, कॉपीराइट आणि माझा अनुभव

स्टँडअपमध्ये गाणी घेऊन उभं राहणाऱ्याला सगळे एकच विचारतात, "चाली कशा सुचतात हो?" चाली सुचत नाहीत, त्या दुसऱ्याच्या असतात. गाडी अडते ती तिथेच. ओपन माइक (कुणीही येऊन सादर करू शकेल असा मंच) कसे मिळवायचे, पहिलं मानधन कधी मिळतं, यावर लोक भरपूर लिहितात. मी लिहितोय ते एका कॉपीराइट दाव्याबद्दल. तो सुटून बराच काळ लोटला, तरी आठवलं की डोकं फिरतं.

मागचं थोडक्यात सांगतो. मी पेटी घेऊन स्टँडअप करतो. जुनी भावगीतं आणि सिनेमातली गाणी घ्यायची, चाल तीच ठेवायची आणि शब्द आपले घालायचे. ओपन माइकला बहुधा पाच मिनिटं मिळतात आणि पेटी टेबलावर ठेवून माइक खाली घ्यायला जो वेळ जातो, तोही त्या पाचातच धरतात. म्हणून होस्टला आधीच गाठून दुसरा माइक मागून ठेवायचा. एकच माइक असेल तर तोंडापाशी धरला की पेटी ऐकू येत नाही, पेटीपाशी धरला की शब्द ऐकू येत नाहीत. शब्द ऐकू आले नाहीत तर लोकांना वाटतं हा माणूस चुकून सुगम संगीताच्या कार्यक्रमातून इकडे आला.

हळूहळू स्पॉट मिळाले, मग लाइनअपमध्ये नाव, मग अर्ध्या तासाचा सेट. हे सगळं जसं होतं तसं झालं. सांगण्यासारखं त्यात काही नाही. लोक हसले की पुढे बोलावतात, नाही हसले की फोन उचलत नाहीत.

खरा घोळ व्हिडिओपासून सुरू झाला.

एक भावगीत आहे. नाव सांगत नाही, उगाच पुन्हा कुणाच्या यंत्राला जाग यायची. त्यातली नायिका पहिल्या कडव्यापासून शेवटच्या कडव्यापर्यंत फक्त वाट बघते. मी केलेल्या विडंबनात तीच नायिका शेवटी वैतागते आणि कवीला विचारते की मला उंबऱ्यावर उभं करून तू कुठे गेलास, एखादं कडवं मला बसायला तरी दे. म्हणजे टिंगल होती ती त्या गाण्याचीच, आणि गाणाऱ्याला स्वतःला ते गाणं मनापासून आवडतं हेही त्यात दिसत होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यूट्यूबवर टाकलेला सेटचा व्हिडिओ साधारण बारा मिनिटांचा. त्यात हे विडंबन जेमतेम दीड मिनिट. व्हिडिओ चढवला आणि हसायला पहिला माणूस यायच्या आत दावा आला, की यातलं गाणं आमच्या मालकीचं आहे. एका मोठ्या संगीत कंपनीच्या नावाने. मूळ रेकॉर्डिंगचा एक सेकंदही मी वापरला नव्हता. आवाज माझा, पेटी माझी. पण हल्लीची यंत्रं नुसती चालसुद्धा ओळखतात. आणि दीड मिनिटासाठी दावा असला तरी कमाई अख्ख्या बारा मिनिटांची त्यांच्याकडे वळते. माझे उरलेले साडेदहा मिनिटांचे विनोद, ज्यात एक सूरही नाही, तेही त्यांचेच.

इथे एक फरक समजून घ्या. लोक ‘स्ट्राइक आली’ म्हणून घाबरतात, पण बहुतेक वेळा ती स्ट्राइक नसते, नुसता दावा असतो. दाव्याने चॅनेलला धोका नसतो, फक्त पैसे जातात किंवा काही देशांत व्हिडिओ दिसत नाही. स्ट्राइक वेगळी, हक्कदाराने रीतसर मागणी करून व्हिडिओ काढायला लावला की ती लागते. नव्वद दिवसांत तशा तीन आल्या की चॅनेल बंद होऊ शकतं.

दाव्याखाली मला तीन पर्याय दिसत होते. तेवढा भाग कापा, तेवढ्या भागाचा आवाज बंद करा, किंवा तिथे दुसरं गाणं टाका. आवाज बंद करून पाहिलं मी. मी पेटीचा भाता हलवतोय, तोंड उघडझाप करतोय आणि पूर्ण शांतता. दीड मिनिटानंतर आवाज परत येतो तो थेट टाळ्यांचा. सेटमधला सगळ्यात जोरदार प्रतिसाद मला मुक्या गाण्यावर मिळाला असं त्यात दिसत होतं.

मग हरकत नोंदवली. आणि हीच ती जागा, जिच्यासाठी हा सगळा लेख आहे. हरकत जाते कोणाकडे? ज्याने दावा केला त्याच्याकडेच. त्याला उत्तर द्यायला तीस दिवस. तो म्हणाला दावा बरोबर आहे, तर बरोबर आहे. वादी आणि न्यायाधीश एकच, आणि निकालाची कारणं देण्याची सक्तीही नाही. आठवडेच्या आठवडे मी ते पान उघडून बघत होतो. काही विषय ताजे असतानाच हसवतात. त्या सेटमधला अर्धा माल तेव्हाच्या बातम्यांवरचा होता आणि तो रोज थोडा थोडा शिळा होत होता. मुदत संपत आली तेव्हा उत्तर आलं. दावा कायम. बस, एवढंच. आता यापुढची पायरी उरली होती अपिलाची.

मधल्या काळात मी दुसरं दारही ठोठावलं होतं. म्हटलं, भांडायचं कशाला, सरळ परवानगी मागू. कंपनीच्या परवाना विभागाचा फॉर्म भरला. त्यात ‘वापराचा प्रकार’ असा रकाना. पर्याय होते जाहिरात, चित्रपट, कव्हर, रीमिक्स, कॉलर ट्यून, इतर. विडंबन नाहीच. ‘इतर’ निवडलं तर उलट मेल आला की वापराचा प्रकार स्पष्ट नाही, कृपया फॉर्म पुन्हा भरा. पुन्हा भरला, पुन्हा तोच मेल. शेवटी खटपट करून फोन नंबर मिळवला.

"सर, तुमचा ब्रँड कोणता?"

"ब्रँड नाही. मी स्टँडअप कॉमेडी करतो. विडंबनगीत आहे."

"म्हणजे कव्हर व्हर्जन ना, सर?"

"नाही. चाल तीच आहे, शब्द वेगळे आहेत."

"मग शब्द बदलू नका ना, सर."

मी फोन ठेवला. पुढे कायदा वाचला तेव्हा कळलं की तो भला माणूस नकळत कलमच सांगत होता. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने कलम ३१सी आलं. कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या आवाजात नव्याने रेकॉर्ड करायचं असेल तर मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच कॅलेंडर वर्षं थांबायचं, किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरायची, आणि शब्दांत-चालीत तांत्रिक गरजेपलीकडे बदल करायचा नाही. म्हणजे विडंबन करणाऱ्याला त्या कलमाचा उपयोग शून्य. गाणं जसंच्या तसं गा, कायदा तुमचा हात धरतो. हसवायचं म्हटलं की तुमचं तुम्ही बघा.

विडंबन हा शब्द आपल्या कायद्यात सवलत म्हणून कुठेच नाही. ब्रिटनने २०१४ मध्ये तशी सवलत लिहून टाकली. अमेरिकेत १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका रॅप गटाच्या बाजूने म्हटलं की पैसे कमवण्यासाठी केलेलं विडंबनही रास्त वापरात, म्हणजे परवानगीशिवाय चालणाऱ्या वापरात, बसू शकतं. आपल्याकडे हाताशी आहे ते कलम ५२. त्यात ‘त्या किंवा दुसऱ्या कृतीची टीका वा समीक्षा’ करण्यासाठी रास्त वापर चालतो. १९९६ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेलं प्रतिनाटक या आधारावर चालू दिलं होतं. म्हणून वर म्हटलं ते लक्षात ठेवा. तुमचं विडंबन मूळ गाण्यावर बोट ठेवत असेल तर तुमची बाजू बरी. चाल प्रसिद्ध आहे म्हणून तिच्यावर सोसायटीच्या पार्किंगचं गाणं बसवलं असेल तर बाजू लंगडी. मीही पार्किंगचं गाणं गातो, पण फक्त कार्यक्रमात. त्याचा व्हिडिओ टाकत नाही.

कार्यक्रमावरून आठवलं. हॉलमध्ये गाणी सादर होतात त्याचा परवाना आयोजकाने काढायचा असतो. गीतकार-संगीतकारांच्या वतीने तो देणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. आयोजकाला आधीच विचारा, काढलाय का म्हणून. मात्र तो सादर करण्याचा परवाना आहे, शब्द बदलण्याचा नव्हे.

एका मित्राने सल्ला दिला होता की हरकतीत अत्र्यांचा दाखला दे. ‘केशवकुमार’ नावाने त्यांनी थोरामोठ्या कवींची विडंबनं केली, महाराष्ट्राने डोक्यावर घेतली, वगैरे. मी तो परिच्छेद खरंच लिहिला होता, आणि चांगला जमला होता. अपील करताना काढून टाकला. तिथे वाचणाऱ्याला अत्रे माहीत असण्याची शक्यता कमी, आणि माहीत असले तरी मुद्दा दाव्याचा आहे, परंपरेचा नाही. कलास्वातंत्र्यावर निबंध लिहू नका. मी अपिलात लिहिलं ते असं: मूळ ध्वनिमुद्रण वापरलेलं नाही, गायन आणि वादन माझं, गाण्याचा भाग अमुक मिनिटापासून अमुक मिनिटापर्यंत, मूळ गाण्यातल्या नायिकेच्या वाट पाहण्यावर या या ओळीत टीका आहे, हे ऐकून कोणी मूळ गाणं ऐकायचं सोडणार नाही. कोरडं, पण मुद्द्याचं.

अपील करायला धाडस लागतं. दावेदाराला इथे उत्तर द्यायला सात दिवस असतात आणि त्याला अपीलही मान्य नसेल तर त्याला व्हिडिओ काढून टाकण्याची रीतसर मागणी करावी लागते. ती झाली की मग स्ट्राइक. त्यावर तुम्ही प्रतिनोटीस, म्हणजे व्हिडिओ परत लावा अशी रीतसर नोटीस, दिलीत तर तुमचं नाव-पत्ता समोरच्याला जातो आणि गोष्ट वकिलांपर्यंत पोचू शकते. ज्यांचं पोट चॅनेलवर आहे त्यांनी हा विचार आधी करावा. माझं पोट स्टेजवर होतं, आणि खरं सांगायचं तर त्या दोन शब्दांच्या उत्तराने मी इतका पेटलो होतो की मला नुकसान दिसतच नव्हतं.

अपील टाकण्याआधी गीतकारांच्या घरच्यांना शोधून काढलं. हक्क त्यांनी कधीच कंपनीला देऊन टाकलेले, त्यामुळे परवानगी त्यांच्या हातात नव्हती. पण कलम ५७ प्रमाणे कृतीची मोडतोड झाली, लेखकाच्या नावाला बट्टा लागला, अशी तक्रार वारसही करू शकतात. म्हणून त्यांचा लेखी होकार जवळ असलेला बरा. त्यांच्या चिरंजीवांनी, ते स्वतः आता सत्तरीच्या घरात आहेत, फोनवर पूर्ण विडंबन गाऊन घेतलं आणि म्हणाले, "दुसऱ्या कडव्यात एक मात्रा कमी पडतेय तुमची." पडत होतीच. त्यांनी सुचवलेला शब्द मी आजही गातो.

सातवा दिवस उलटला आणि दावा आपोआप सुटला. कोणी मान्य केलं नाही, कोणी नाकारलं नाही, मुदत संपली एवढंच. मी घरात मोठ्याने ओरडलो, ते मात्र खरं. कारण कंपनीच्या खोलीत कोणी माझं म्हणणं वाचलं असो वा नसो, बारा मिनिटं परत माझी झाली होती.

आता सुटे सुटे सांगतो, आठवेल तसं. दावा आल्यापासून पाच दिवसांच्या आत हरकत टाका. मग पहिल्या दिवसापासूनची कमाई बाजूला राखून ठेवतात आणि निकाल लागेल त्याला देतात. उशीर केलात तर आधीचे पैसे गेले. कराओके ट्रॅक अजिबात नको, तो म्हणजे आणखी कुणाचं तरी रेकॉर्डिंग, एकाऐवजी दोन दावे. व्हिडिओ आधी खासगी ठेवून चढवा, दावा तेव्हाच दिसतो. गीतकार आणि संगीतकार, दोघांची मृत्यूची सालं बघा. निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतो. दोघेही १९६४ पर्यंत गेले असतील तर शब्द आणि चाल २०२४ संपताच मोकळी झाली. रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, त्याची साठ वर्षं प्रकाशनापासून.

लिहिण्याबद्दल एवढंच: पंच, म्हणजे हशा आणणारा शब्द, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडला पाहिजे. जिथे मूळ गाण्यात सूर लांबतो तिथे विनोदाचा शब्द ठेवलात तर लोक तुमच्या आधी पोचतात. ध्रुवपदानंतर दोन आवर्तनं नुसती पेटी वाजवा, नाहीतर पुढची ओळ हशात बुडते. आणि दोन कडव्यांवर थांबा.

हल्ली मी शक्य तिथे पारंपरिक चाली घेतो. परवा एका पोवाड्याच्या चालीवर नवा सेट केला. शाहिरांच्या पिढ्यान्‌पिढ्या गात आलेली चाल, कुणाच्या मालकीची असण्याचा प्रश्नच नाही. चढवला आणि दावा आला. कुणीतरी तीच चाल आपल्या अल्बममध्ये गायली होती म्हणे. हरकत आज सकाळीच टाकली आहे. कारण म्हणून ‘सार्वजनिक मालकी’ निवडलंय.